चातुर्मासातला ड्रॅक्युला

कांदेनवमीची भजी झाली की आमच्या घरातली लसणाची परडी चार महिने अडगळीत जाते. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. मंदसौरचा लसूण इथल्या बाजारात ढिगाने येतो, पण सासूबाईंपुढे त्याचं काही चालत नाही. त्यामुळे यंदा ऐन श्रावणात लेकीने लॅपटॉपवर एकामागून एक व्हॅम्पायरचे सिनेमे लावले, तेव्हा माझ्या मनात पहिली शंका आली ती स्वयंपाकघराची. लसणाला भिणारा हा रक्तपिपासू आलाच, तर घरात एक पाकळीसुद्धा नाही!

सुरुवात 1922 च्या मूक ‘नोस्फेराटू’ने झाली. टक्कल, उंदरासारखे पुढचे दात, लांबलचक बोटं. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊने ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवर तो परवानगीशिवायच काढला. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि कोर्टाने प्रती नष्ट करायला सांगितल्या. तरी काही वाचल्याच. व्हॅम्पायरच तो, इतक्या सहज थोडाच मरणार! उन्हाने तो मरतो ही कल्पनाही या सिनेमाचीच. 1897 च्या कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनमध्ये भरदिवसा हिंडतो. आणि आमच्याकडे तर आठ दिवस उन्हाचा पत्ता नव्हता.

जिन्याच्या भिंतीवरून त्याची सावली वर सरकू लागली तशी सासूबाईंची जपमाळ थांबली. “कोण गं हा मेला?”

1931 च्या ‘ड्रॅक्युला’तला नट बेला लुगोसी आला आणि त्या जरा सैलावल्या. अंगात झकास कोट, केस चापून बसवलेले, बोलणं सावकाश. “हा घरंदाज दिसतो.” गंमत म्हणजे त्याचे सुळे त्या सिनेमात दिसतच नाहीत, सगळी भीती डोळ्यांत. सुळे आणि लालभडक रक्त 1958 च्या रंगीत सिनेमात ख्रिस्तोफर लीने दाखवलं, तेव्हा त्या उठून देवघरात गेल्या.

परत आल्या त्या 2008 च्या ‘ट्वायलाइट’ला. हा उन्हात जळत नाही, चमचमतो. माणसाला तोंड लावत नाही, जनावरांवर भागवतो. पियानो वाजवतो.

“म्हणजे नेम पाळतो,” सासूबाई म्हणाल्या. “शिकतो काय?”

“शाळेत आहे, आजी. नव्वदेक वर्षं झाली, सतराचाच आहे.”

“नापास होत असेल.”

मला मात्र हा फारसा पटला नाही. चेहरा देखणा होत गेला तशी एकेक अट गळून पडली. मुळात घरातल्या कुणी ‘ये’ म्हटल्याशिवाय त्याला परक्या घरात शिरताच येत नसे. तेवढा तरी उंबऱ्याला मान होता. अर्थात आमच्याकडे त्याचाही उपयोग नाही. दाराशी कुणी नुसतं घुटमळलं तरी सासूबाई आतून हाक मारतात, “या ना, पोहे टाकते.”

त्यांना धाक बसावा म्हणून मी कादंबरीतली गोष्ट सांगितली. लूसी नावाच्या मुलीला जपायला डॉक्टरांनी खोलीभर लसणाची फुलं लावली होती. तिच्या आईला तो उग्र वास सोसवेना. रात्री तिने फुलं काढली, खिडकी उघडली, आणि तिथेच घात झाला.

सासूबाईंनी पुन्हा माळ हातात घेतली.

“चातुर्मास असेल तिचा,” म्हणाल्या.