किंडर स्काउट: वाऱ्याच्या अंगणात

इंग्लंडमधल्या मँचेस्टरहून किंडर स्काउट या डोंगरावर जायला स्वतःची गाडी लागत नाही. स्टॉकपोर्टहून हेफील्डची बस धरायची आणि गावातून ओढ्याकाठानं वर चालत सुटायचं. डोंगराची उंची ६३६ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्मीसुद्धा नाही. पण इथं दम काढतो तो वारा.

थोडं चाललं की बोडन ब्रिजची जुनी दगडखाण लागते. तिथं एक पाटी आहे, ती वाचल्याशिवाय पुढं जाऊ नये. २४ एप्रिल १९३२च्या रविवारी इथं सुमारे चारशे जण जमले होते, बरेचसे मँचेस्टर भागातली कामगार पोरं. आठवडाभर कारखान्यात राबायचं आणि सुट्टीला डोंगराकडं बघायचं ते लांबूनच, कारण अख्खं पठार जमीनदारांनी ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं. वीस वर्षांचा बेनी रॉथमन भाषण करून पुढं निघाला आणि राखणदारांना न जुमानता सगळे वर चढले. पाच जण तुरुंगात गेले, त्यात तोही. १९५१ साली हा डोंगर ज्यात येतो तो पीक डिस्ट्रिक्टचा प्रदेश ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला आणि २०००च्या कायद्यानं अशा उघड्या माळांवर कुणालाही चालायचा हक्क मिळाला. मी परदेशातून आलेला माणूस इथं बिनधास्त फिरतो, तो या पोरांच्या जिवावर.

ती मंडळी गेली त्याच विल्यम क्लफच्या घळीतून आम्ही, म्हणजे मी आणि धाकटा भाऊ, चढलो. घळीत वारा नव्हता. दोन्ही अंगांना हेदरची झुडपं फुललेली, उतारच्या उतार जांभळे. अॅशप हेडच्या खिंडीत डोकं वर काढलं आणि वाऱ्यानं छातीवर हात ठेवून मागंच लोटलं. भाऊ काहीतरी ओरडत होता, ओठ तेवढे हलताना दिसले.

खिंडीतून उत्तरेकडं दलदलीवर मोठमोठ्या फरशांची वाट जाते. यातल्या कित्येक फरशा लँकेशायरमधल्या पाडलेल्या कापडगिरण्यांतून आणलेल्या आहेत. एका फरशीत नेमकं गोल भोक होतं, कधीकाळी यंत्र बसवलेलं असावं. माझं आजोळ वऱ्हाडात. अमेरिकेत १८६१ला यादवी पेटली आणि तिकडचा कापूस येईना, तेव्हा वऱ्हाडचा कापूस याच गिरण्यांनी ओढून नेला होता. त्या फरशीवर मी बराच वेळ उभा राहिलो.

आणि याच गिरण्यांनी हा डोंगर मारत आणला होता. पश्चिमेचा वारा मँचेस्टरचा धूर पिढ्यान् पिढ्या इथं आणून टाकत राहिला. त्यातल्या आम्लानं स्फॅग्नम शेवाळ मेलं. पाणी धरून ठेवणारं पांघरूणच गेल्यावर खालची काळी पीट माती, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींची माती, उघडी पडली, वाऱ्यापावसानं वाहून गेली आणि पठारावर पुरुषभर खोल चर पडले. आता मेंढरांना कुंपण घातलंय, चरांत दगडालाकडाचे बांध घातलेत, शेवाळाचे पुंजके माणसं हातानं लावतात. असा एक हिरवा पुंजका मी बोटानं हलकेच दाबला, तर बोटाभोवती गार पाणी भरून आलं. बाजूची उघडी माती मात्र चहाच्या चोथ्यासारखी भुसभुशीत होती. हे काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यांनी आज लावलेलं पुरतं फळाला यायला दशकं जातील.

वरच्या कड्यानं पुढं किंडर डाउनफॉल लागतो, तीसेक मीटरचा धबधबा. पाणी कड्यावरून सुटत होतं आणि खाली न पडता फवारा होऊन आमच्याच अंगावर येत होतं. नाणेघाटात हे पाहिलेल्यांना सांगायला नको. कारणही तेच: पश्चिमेकडं तोंड केलेला कडा, समोर खोल दरी, आणि दरीत कोंडलेल्या वाऱ्याला वर चढण्यावाचून वाट नाही. फक्त तिकडं कोकणातून ऊबदार पावसाळी वारा येतो, इथं ऑगस्टातही बोटं बधिर झाली. भाऊ फवाऱ्यात तोंड वर करून उभा होता आणि हलायला तयार नव्हता.

जाणार असाल तर आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला आणि वारा पश्चिमेचा असा दिवस धरा, कोरड्या हवेत डाउनफॉलला नुसता ओघळ असतो. ढग उतरले की पठारावर दिशा कळत नाही, म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळ हवंच. आणि फरशांची वाट सोडू नका, कडेला नुकतं लावलेलं शेवाळ असतं.