१९६८ च्या पत्रावरचा पिनकोड

पुराणवस्तूंच्या मालकीवरून चालणाऱ्या दाव्यांत वकिलांसाठी कागदपत्रे तपासणे हे माझे काम आहे. मूर्ती क्वचितच समोर येते, येते ती तिची फाईल. आणि तीत सर्वांत आधी शोधायची असते १९७० पूर्वीची तारीख. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार त्या वर्षीचा असल्यामुळे, वस्तू त्याआधीच देशाबाहेर गेली होती असा कागद मिळाला की संग्रहालये निश्चिंत होतात. बनावट कागद करणाऱ्यांना हे पुरेपूर ठाऊक असते.

त्या दिवशीच्या फाईलमध्ये दक्षिण भारतातील एका कांस्यमूर्तीच्या विक्रीचे, १९६८ ची तारीख असलेले टंकलिखित पत्र होते. कागद पिवळा पडलेला, सही ठसठशीत, मजकूर निर्दोष. मात्र वर छापलेल्या पत्त्याच्या शेवटी सहा आकडे होते आणि भारतात पिनकोड सुरू झाला तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी. मूळ प्रत मागवून, ते आकडे मागाहून मारलेल्या शिक्क्याचे नसून पत्त्याबरोबरच छापलेले आहेत याची भिंगाखाली खात्री केली आणि मगच टिपण लिहिले. ते टिपण नेमके झाले होते, याचे समाधान मला आजही आहे.

ज्येष्ठ वकिलांनी ते वाचले आणि विचारले, "पत्र खोटं आहे हे पटलं. पण मूर्ती कोणत्या देवळातली, ते सांगा."

तिथेच घोडे अडले. परवान्याविना पुराणवस्तू बाहेर नेण्यावर आपल्याकडे १९४७ च्या कायद्यापासून निर्बंध आहेत. परंतु दुसऱ्या देशाचा निर्यातबंदीचा कायदा परकीय न्यायालये सहसा राबवत नाहीत, त्यामुळे मूर्ती आपलीच होती हे दावेदारालाच सिद्ध करावे लागते. प्रतिपक्षाने तर ते पत्र सरळ मागे घेतले आणि केवळ ताब्यावर भिस्त ठेवली.

तमिळनाडूतील श्रीपुरंतनच्या देवळातून चोरीला गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाहून २०१४ साली परत आला, त्यामागे पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी देवळात काढून ठेवलेल्या छायाचित्राचा मोठा आधार होता. आमच्या मूर्तीचे असे एकही छायाचित्र सापडत नाही. देवळोदेवळी जाऊन मूर्तींची छायाचित्रे काढून ठेवणे ज्यांचे कर्तव्य होते, त्यांनी ते वर्षानुवर्षे केले नाही आणि त्याचा फायदा आज चोराला मिळतो, याची मला मनस्वी चीड येते.

सध्या माझी सगळी भिस्त तमिळनाडूतील पत्तूरच्या भग्न देवळातील नटराजाच्या खटल्यावर आहे. त्या मूर्तीवरची माती, वाळवीच्या खुणा आणि तिच्यासोबत पुरलेल्या इतर मूर्तींशी असलेले साम्य तज्ज्ञांनी तपासले होते, आणि लंडनच्या अपील न्यायालयाने १९९१ साली त्या भग्न देवळालाच दावेदार म्हणून मान्यता दिली होती. म्हणून आमच्या मूर्तीच्या पीठाच्या खाचांत अडकलेल्या मातीची तपासणी व्हावी, असा अर्ज आम्ही दिला आहे. मूर्ती प्रतिपक्षाच्या ताब्यात आहे, आणि तिची साफसफाई करू नये असा आदेश अद्याप मिळालेला नाही.