दहा चाकी आणि पान अकरा

जालन्यातून सळई भरून भिवंडीकडे पाठवणं हा आमचा धंदा. यंदा दोन वापरलेल्या गाड्या लीजवर घ्यायचं ठरलं. दहा चाकी की बारा चाकी, यातच आठवडा गेला. 2018 मध्ये दहा चाकीची एकूण वजनाची मर्यादा 25 वरून 28.5 टनांवर गेली. रिकामी गाडी साडेनऊ टन धरली तर 19 टन माल कायद्यात बसतो, आणि आमच्या ऑर्डरी तेवढ्याच. मग बारा चाकी पुरती न भरता पळवून डिझेल कशाला जाळायचं?

मागच्या खेपेला हप्ता कमी दिसला म्हणून सही ठोकली. आठव्या महिन्यात मागचे चार टायर टकले. लीज कंपनीला फोन केला तर, “टायर तुमच्याकडे, शेठ.” कराराचं पान अकरा, मुंगीएवढी अक्षरं!

म्हणून यावेळी आमच्या जुन्या ड्रायव्हरमामांना सोबत नेलं. इंजिन बघायच्या आधी ते युरियाच्या टाकीपाशी वाकले; धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी तिच्यात असतं. पाइपच्या जोडावर पांढरे खडे साचले होते. मामा बोटाने खरवडत म्हणाले, “मालक, हे गळतंय. युरिया कमी पडून घाटात इंजिनाने पॉवर कापली तर भरल्या गाडीचं काय करू?”

ती सोडली. दुसरी घेतली, पण टायरचं कलम बदलून, मोठ्या अक्षरात.