रांगोळी, चुरी आणि खदानीचं पाणी : नोंद चौथी

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, कॅनडातल्या पेयटो लेक या तळ्याचा फिरोजी रंग (हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे येणारा) बरणीत आणून दाखवतो म्हणून. नाही आला. का नाही आला, ते मात्र गावाबाहेरच्या बंद गिट्टी खदानीवर कळलं.

आधी बरण्या. एकीत क्रशरची चुरी, दुसरीत दिवाळीची उरलेली रांगोळी खलबत्त्यात पुन्हा कुटून. ("रांगोळीचा चहा करून राह्यला का?" इति आई.) काळ्या मातीची तिसरी बरणी फेकली, ती मातकटच राहिली. तासाभरात जाड माल तळाला गेला, वरचं धुरकट पाणी वेगळं काढलं. कणाची जाडी निम्मी झाली की बुडायचा वेग चौथाईवर येतो. म्हणून अकराव्या दिवशीही ते पाणी पुरतं निवळलेलं नाही. हिमनदीही असंच पीठ पाडते: बुडाला रुतलेले दगड कातळावर घासत नेते, जात्याच्या तळीसारखे. हे पीठ उन्हाळ्यात वितळपाण्यासोबत तळ्यात उतरतं, म्हणून पेयटोचा रंग जुलै-ऑगस्टमध्ये खुलतो.

बरणीत टॉर्च मारला. बाजूने किंचित निळसर झाक, समोरून पिवळट. बस.

अडलं होतं खोलीपाशी. लाल रंग पाणी स्वतःच गिळतं, पण हळूहळू. चार-पाच मीटरच्या प्रवासात त्यातला बहुतेक संपतो, वीतभर बरणीत जवळपास तसाच परत येतो. पीठ फक्त उरलेला निळा-हिरवा उजेड वर फेकतं.

खदानीत पोळ्यापर्यंत पाणी गढूळ होतं, आता फिरोजी दिसतं. पांढरी प्लास्टिकची ताटली, खाली दगड, सुतळीला फुटाफुटावर गाठ. दोन फुटांवर ताटली पांढरीच, पाचव्या गाठीला चक्क हिरवट-निळी (उजेड खाली जाऊन वर येतो, म्हणजे प्रवास दहा फुटांचा), नवव्या गाठीला गायब. समुद्राचा नितळपणा मोजायला आंजेलो सेक्की या पाद्रीबुवांनी 1865 मध्ये अशाच तबकड्या सोडल्या होत्या.

त्याच पाण्याची बाटली भरून आणली. घरी पाहतो तर नळाच्या पाण्यासारखी, रंग कुठेच नाही!

एक शंका राहते: त्या हिरवेपणात शेवाळाचा वाटा किती? अर्धी बाटली जुन्या धोतराच्या चार पदरांतून गाळली, फडक्यावर राखाडी डाग पडला, हिरवा नाही. पण बारीक शेवाळ धोतरातून सहज निसटतं, त्यामुळे उरलेली अर्धी खिडकीत उन्हात ठेवली आहे. हिरवी पडली तर पुढच्या नोंदीत कबूल करतो.