बाभळीची पिन : चौथी बनावट, सहाशे ठोके

मंडळी, बोलिंगच्या खेळासाठी मी घरी बाभळीच्या पिना करतो आहे; त्यातल्या चौथ्या बनावटीच्या पहिल्या पिनने काल संध्याकाळी चाचणीचे सहाशे ठोके पूर्ण केले. मानेत चीर नाही, बुडाचा टवका उडालेला नाही. पोटावर दोन बोटं रुंद जागा चपटी झाली आहे, तेवढीच. मागची नोंद तिसरी बनावट उकलल्यावर अर्धवट सोडली होती. आज ती पुरी करतो आणि चौथीपर्यंत कसा आलो तेही लिहितो.

नव्यांसाठी थोडक्यात. घाटंजी तालुक्यात आमचं गाव. कापूस भरायचं जुनं गोदाम रिकामं पडलं होतं, त्यात मी बोलिंगची लेन केली, म्हणजे पिनांकडे बॉल घरंगळत सोडायची पट्टी. खरी लेन फाउल रेषेपासून, म्हणजे जिच्या अलीकडून बॉल सोडायचा त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत 60 फूट असते. माझी 28 फुटांत संपते. रुंदी मात्र साडेएकेचाळीस इंच, पिनांमधलं अंतर 12 इंच, दहा पिनांचा त्रिकोण, हे सगळं नियमाप्रमाणे ठेवलं आहे. 10 पौंडांचा जुना बॉल नागपूरहून मिळाला. पिना मात्र मिळाल्या नाहीत, म्हणून करायला घेतल्या. दुसरं वर्ष चालू आहे.

माप सगळ्यांना पाठ असेल, तरी एकदा देतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. उंची 15 इंच म्हणजे 381 मिलिमीटर. पोट सुमारे 121 मिलिमीटर, तेही बुडापासून साडेचार इंचांवर. मान सगळ्यात बारीक 10 इंचांवर, 45.6 मिलिमीटर. डोकं 64.7. बूड जेमतेम 51.6. वजन 1531 ते 1644 ग्रॅमच्या आत. एवढ्या मोठ्या पोटाला एवढंसं बूड, म्हणून पिन साधारण दहा अंश कलली की पडते. वजन वाढलं तर पिन लवकर हलत नाही, घटलं तर उगाच उडते, आणि वजन वरखाली सरकलं तर तो कोनच बदलतो. म्हणजे टिकाऊपणासाठी जाड करा, जड करा, लोखंड ठोका, हे सगळे रस्ते बंद.

कारखान्यातली पिन उत्तर अमेरिकेतल्या शुगर मेपलची असते. पट्ट्या चिकटवून ठोकळा करतात, तो खरादतात, वर प्लास्टिकची जाड कातडी चढवतात आणि बुडाला नायलॉनची कडी बसवतात. ती कातडी बहुतेकदा सर्लिन नावाच्या प्लास्टिकची असते, तेच गोल्फच्या चेंडूवरही असतं. माझ्याकडे मेपल नाही आणि सर्लिन ओतायचा साचाही नाही. माझ्याकडे धुऱ्यावर वादळात पडलेली एक म्हातारी बाभूळ होती, आणि गावचे वाढईमामा, म्हणजे सुतार, होते.

पहिली बनावट सागाची, एका तुकड्याची. साग खरादायला लोण्यासारखा, पण ठोक्याला मऊ. चाळिसाव्या ठोक्याला मानेतून गेली. दुसरी बाभळीची, तीही एका तुकड्याची. तिला तर ठोका लागलाच नाही. मे महिन्यात फडताळात ठेवल्या ठेवल्या डोक्यापासून पोटापर्यंत उभी तडकली. आमच्याकडचा मे ज्यांनी सोसला आहे त्यांना नवल वाटणार नाही.

तिसरीवर माझा फार जीव होता. मधे 45 मिलिमीटरचा सागाचा चौकोनी गाभा आणि चहूबाजूंनी बाभळीच्या पट्ट्या, म्हणजे बाहेरून कठीण, आतून हलकी. सागात तेल असतं, गोंद धरत नाही, म्हणून चिकटवण्याआधी थिनरने पुसून घेतला. वजन 1600 ग्रॅमच्या आत बसलं. एप्रिल-मेमध्ये दीडशेच्या वर ठोके झाले आणि काहीही झालं नाही. मी सहा पिना खरादून टाकल्या. जुलैत झडी लागली आणि आठ-दहा दिवसांत सहापैकी चार पिनांचा जोड बुडाकडून उघडला. नख जाईल एवढी फट. ठोक्याशिवाय.

तेव्हा लक्षात आलं की आपण चुकीच्या शत्रूशी लढतो आहोत. बॉलने पिन मरते हे आपण धरून चालतो. इथे, या हवेत, पिन आधी पाण्याने मरते आणि मग बॉल फक्त निमित्त होतो.

खात्री करायला एक काम केलं, तुम्हीही करा, फार सोपं आहे. त्याच बाभळीचा काडेपेटीएवढा तुकडा मेच्या शेवटी वजन करून ठेवलेला होता. तो घरच्या ओव्हनमध्ये 103 अंशांवर ठेवून दर दोन तासांनी वजन घेतलं. वजन घटायचं थांबलं की समजायचं, पाणी गेलं. हिशेब केला तर मेमध्ये लाकडात साडेपाच टक्के पाणी होतं. ऑगस्टमध्ये दुसरा तुकडा घेतला, तेव्हा पंधरा टक्के. म्हणजे माझ्या पिनेतलं पाणी तीन महिन्यांत जवळजवळ तिप्पट होतं आणि दिवाळीनंतर पुन्हा ओसरतं. लेप न लावलेल्या एका पिनचं पोट मी व्हर्नियरने मोजत होतो. वर्षाच्या वलयांना धरून ते दोन मिलिमीटर फुगलं, वलयांना छेदून एकच. गोल पिन अंडाकृती झाली होती. लाकूड वलयांच्या दिशेने साधारण दुप्पट हलतं आणि लांबीत जवळजवळ हलतच नाही, हे पुस्तकात वाचलं होतं, पण स्वतःच्या पिनवर पाहिल्याशिवाय अंगात भिनलं नव्हतं.

सागाची चूक यातूनच कळली. साग फार कमी फुगतो, बाभूळ जास्त. आतला जागचा हलेना, बाहेरचा फुगून ओढायला लागला, आणि मधल्या गोंदाने जीव सोडला. गोंदाला दोष देण्यात अर्थ नाही. दोन स्वभावांची लाकडं मीच एका दावणीला बांधली होती.

मामांकडे उकललेली पिन घेऊन गेलो. तान्ह्या पोळ्याचे दिवस जवळ आले होते, त्यांच्या ओसरीत लाकडी नंदींची रांग लागली होती. पिन हातात घेऊन त्यांनी आधी वास घेतला, मग बुडाचा आडकाप, म्हणजे धागे आडवे कापलेली बाजू, अंगठ्याने चोळली.

"गुरुजी, हे कापलं काहून?"

"म्हणजे? करवतीनेच तर पट्ट्या काढल्या."

"कुऱ्हाडीचा दांडा कधी कापून करतेत का जी? फाडूनच करा लागते. पाचर लाकडाले पुसत जाते, करवत पुसत नाही."

त्यांनी माझ्यासमोर बाभळीचा एक ओंडका उभा केला, दोन पाचरा लावल्या आणि घणाने चार ठोके दिले. ओंडका आपल्या धाग्याने उघडला, एका बाजूला थोडा पीळ घेत. करवतीने सरळ काढलेली पट्टी दिसायला सरळ असते, पण तिच्यातला धागा तिरपा बाहेर पडतो. पोटात ते चालून जातं. 45 मिलिमीटरच्या मानेत नाही चालत. माझ्या पहिल्या पिनेची तुटलेली मान घरी येऊन पाहिली, तर चीर बरोबर तिरप्या धाग्यावरून गेलेली होती.

दुसरी गोष्ट त्यांनी निघताना सांगितली. ओली लाकडं मांडून ठेवताना दोन्ही तोंडांना शेण लिंपायचं. आमच्याकडे बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, लाकूड वाळत टाकताना ते करतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे, पण कशासाठी ते कधी विचारलं नव्हतं. लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा तोंडांकडून कितीतरी वेगाने येतं-जातं. तोंडं आधी वाळली की तिथूनच तडा सुरू होतो. आणि पिनचं बूड म्हणजे सगळा आडकापच! मी पिनभर दोन-दोन हात लेप देत होतो आणि बुडाला एक हात फिरवून मोकळा होत होतो, कारण तिथे नायलॉनची कडी येणार होती. सगळं पाणी त्याच दाराने आत शिरत होतं.

आता चौथी बनावट.

एकाच झाडाचं, एकाच ओंडक्यातून फाडलेलं लाकूड. बाहेरचं पांढरं लाकूड पूर्ण काढून टाकलं, कारण घुण लागतो तो तिथेच. फक्त तांबडा गाभा घेतला. चार पट्ट्या, चौघींची वलयं एकाच दिशेला, म्हणजे फुगल्या तर एकमेकींच्या विरुद्ध ओढणार नाहीत. पट्ट्या मी सप्टेंबरअखेर चिकटवल्या, लाकडात दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असताना. मे आणि ऑगस्टच्या बरोबर मधे. चढ-उतार दोन्हीकडे सारखा वाटला जावा एवढाच हेतू. गोंद दोन भागांचा इपॉक्सी.

वजनाचा प्रश्न होताच. नुसती बाभळीची भरीव पिन 1710 ग्रॅम भरली. सागाचा रस्ता बंद झाला होता, म्हणून पोटात पोकळी ठेवायची ठरवलं. कारखान्यातल्या पिनांतही वजन जुळवायला आत पोकळ्या ठेवतात. पट्ट्या चिकटवण्याआधी पटाशीने खाच काढली: 42 बाय 42, लांबी 90 मिलिमीटर. पहिल्यांदा ती पोटाच्या ऐन मध्यावर ठेवणार होतो, पण कागदावर हिशेब केला तेव्हा थबकलो. पिनचा तोल बुडापासून 146 मिलिमीटरवर आहे आणि पोटाचा फुगवटा 114 वर. फुगवट्यातून वजन काढलं तर तोल अडीच-तीन मिलिमीटर वर सरकतो आणि पिन जराशी जास्त पडखाऊ होते. म्हणून खाच वर सरकवली आणि तिचा मध्य तोलाच्या जागीच आणला. कानशीच्या धारेवर आडवी ठेवून तपासली तर तोल पहिल्या जागी. लाकडी पाटीवर उभी करून पाटी एका बाजूने उचलत गेलो, दहा अंशांना पडली. त्या संध्याकाळी मी फार खूश होतो, खरं सांगतो.

वजन 1580. वरून लेप आणि कडी धरून 1630. नियमात.

बुडाचं काम सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेलं आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. पातळ इपॉक्सी किंचित गरम करून आडकापावर सोडायचा, लाकूड पिईल तेवढा पिऊ द्यायचा. पहिला हात पाच मिनिटांत दिसेनासा झाला. असे चार हात. मग नायलॉनच्या दांड्यातून खरादलेली कडी. इथे एक सावधगिरी: नायलॉनला इपॉक्सी नीट धरत नाही. माझी पहिली कडी तिसाव्या ठोक्याला निसटून लेनच्या टोकाला गेली होती. आता कडीच्या आतल्या बाजूला तिरपी खाच घेतो, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद. इपॉक्सी त्यात जाऊन घट्ट होतो आणि कडी त्याच्यात अडकून राहते, चिकटण्यावर काहीच सोडत नाही.

अंगावर आधी इपॉक्सी आणि काचेच्या धाग्याचं कापड लावून पाहिलं होतं. ठोक्याला चांदण्यांसारख्या चिरा पडतात आणि त्या चिरांतून पुन्हा पाणी. सायकलच्या ट्यूबचा पट्टा पोटावर चढवून पाहिला. लाकूड शाबूत राहिलं, पण रबर दुसऱ्या पिनला धरून ठेवतं, पिना एकमेकींवरून घसरतच नाहीत आणि खेळाचा जीवच जातो. तो नाद सोडला. सध्या दोन भागांचं लवचीक पॉलियुरेथेन, सहा हात, दर दोन हातांमध्ये हलका पॉलिश पेपर. कारखान्याच्या कातडीएवढं जाड ते नाही, पण लाकडाबरोबर ताणलं जातं, तडकत नाही.

ठोक्यांची पद्धतही बदलली आहे. बॉल गोदामाच्या तुळईला दोरीने टांगतो आणि अडीच मीटर उंचीवरून सोडतो, म्हणजे पिनेला लागताना सेकंदाला सात मीटर वेग असतो. पण उजव्या हाताच्या नेमक्या स्ट्राइकमध्ये, म्हणजे एकाच बॉलला दहाही पिना पडतात तेव्हा, बॉल स्वतः चारच पिनांना लागतो: क्रमांक एक, तीन, पाच आणि नऊ. उरलेल्या सहा पिना पिनांनीच पडतात. मग नुसत्या बॉलने ठोकून पाहणं अपुरं आहे. आता दर दहा ठोक्यांपैकी चार बॉलचे, सहा टांगलेल्या जुन्या पिनचे, तेही मानेवर आणि डोक्यावर. दहा झाले की पिन पाव वळण फिरवायची. पाचवीची दोन पोरं कोळशाने भिंतीवर जुड्या मांडतात, आणि माझ्यापेक्षा त्यांचा हिशेब चोख असतो.

सहाशेपैकी पहिले तीनशे ठोके मेमध्ये घेतले, तीनशे आता श्रावणात. मधल्या काळात पिन मुद्दाम ओसरीत ठेवली होती, पागोळ्यांचे तुषार येतात तिथे. वजन फक्त 9 ग्रॅमने वाढलं. लेप नसलेली शेजारची पिन याच दिवसांत 110 ग्रॅमने वाढली.

दोन गोष्टी अजून पटलेल्या नाहीत. पोटावरची चपटी जागा हळूहळू वाढते आहे, म्हणजे तिथे लेप दाबला जातोय की खालचं लाकूड, हे पिन कापल्याशिवाय कळणार नाही, आणि ही कापायला हात धजत नाही. दुसरं, धावडा. मामांचं म्हणणं, दांड्याला धावड्यासारखं लाकूड नाही, मग मानेला का नको? तो बाभळीपेक्षाही जड आहे आणि वाळताना फार तडकतो. तरी एक ओंडका फाडून ठेवला आहे, तोंडांना शेण लिंपून.

दहापैकी सात पिना खरादून झाल्या. उरलेल्या तिघींचे ठोकळे गोदामाच्या माळ्यावर आहेत, पाणी दहा टक्क्यांवर यायची वाट पाहत. दर रविवारी वजन घेतो. काल अकरा पूर्णांक चार होतं.