गम साधा, पण पत्र मिळेना: माझा अनुभव

छताच्या वॉटरप्रूफिंगचा जुना थर निघाला, पृष्ठभाग साफ झाला, ठेकेदारही बरा मिळाला. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते मेम्ब्रेन, म्हणजे छतावर अंथरायची जलरोधक चादर, चिकटवायच्या गमावर.

खाली ऑफिसं चालू होती आणि एसीला ताजी हवा पुरवणारी तोंडं छतावरच. नेहमीच्या बाँडिंग अॅडहेसिव्हमध्ये टोल्युइन, हेक्झेन असली द्रावकं असतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती छतालगत पसरते आणि थेट आत ओढली जाते. शिवाय टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते किमान तापमान, जेमतेम ४ अंश सेल्सिअस, म्हणजे ठिणगीचीही धास्ती. म्हणून कमी व्हीओसीचा, म्हणजे हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायनं कमी असलेला गम हवा, असं मी लिहून दिलं.

तिथून सुरू झाली पत्राची वारी. गमवाला म्हणे, माल उत्तम आहे, फक्त हा गम चालेल असं मेम्ब्रेन कंपनीकडून लिहून आणा. मेम्ब्रेन कंपनीचा तांत्रिक विभाग म्हणे, यादीबाहेरचा गम लावलात तर वॉरंटी रद्द. यादी मागितली तर आले नुसते गमांचे कोड. कुठल्या कोडात किती व्हीओसी, असं विचारलं की एकच उत्तर: ‘आपली विनंती पुढे पाठवली आहे.’ पुढे म्हणजे कुठे, हे शेवटपर्यंत कळलं नाही. फोनवर दर वेळी नवा माणूस, आणि त्याला पहिल्यापासून सगळी कथा. ठेकेदाराची माणसं बसून, आणि आभाळ कधी भरून येईल याचा नेम नाही. माझा पारा चढलेलाच होता.

सुटलं ते प्रश्न उलटा केल्यावर. ‘हा गम चालेल का?’ याला हो म्हणायची जबाबदारी कुणालाच नको असते. मी विचारलं, ‘तुमच्याच यादीत लिटरला २५० ग्रॅम व्हीओसीच्या आतले गम कोणते?’ आकडा मनाचा नाही. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण खात्याच्या नियम ११६८ मध्ये छताच्या एकपदरी मेम्ब्रेनच्या गमाला हीच मर्यादा दिलेली होती. लगेच एका ओळीत कोड आले. म्हणजे माल त्यांच्याच घरात होता! पत्रही मागोमाग आलं. तुम्ही पहिल्याच मेलमध्ये असं विचारा.

डब्यावरच्या हिरव्या पानावर जाऊ नका. सुरक्षा माहितीपत्रकाचा तिसरा भाग उघडून घटक वाचा. काही गमांत पीसीबीटीएफ नावाचं द्रावक असतं. अमेरिकेत ते व्हीओसीच्या हिशेबातून वगळलेलं आहे, कारण त्यापासून धुरकं फारसं बनत नाही. पण आयएआरसी या जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने त्याला संभाव्य कर्करोगकारकांच्या २बी गटात टाकलंय. दोन भागांच्या पॉलियुरेथेन फोममध्ये द्रावक जवळपास नसतंच, पण आयसोसायनेट हे रसायन असतं आणि त्याने दमा जडू शकतो. आकडा लहान म्हणजे हातमोजे नकोत, असं मुळीच नाही.

आम्ही पाण्यावर आधारित गम घेतला. वास नावालाच, खालून एक तक्रार नाही, याचं मला अजून बरं वाटतं. वाळायला मात्र वेळ घेतो, दमट हवेत तर फारच. बोट टेकवून पाहायचं: चिकट लागलं पाहिजे, पण तार निघता कामा नये. तार निघत असताना मेम्ब्रेन टाकलं की ओल खाली अडकते आणि फुगे धरतात. वास कमी असला तरी गम लावून वाळेपर्यंत एसीची तोंडं बंद ठेवा. आणि हो, हे डबे थंडीत उघड्यावर ठेवू नका. गम एकदा गोठला की बहुतेक वेळा फेकावाच लागतो.