तुम्ही विचारलंत म्हणून: कायद्याच्या पहिल्या वर्षाला मी अपघाताचेच निकाल का शिकवते?

दर वर्षी कुणीतरी विचारतंच. "मॅडम, स्कॉटलंडच्या पेझलीतल्या 1928 सालच्या जिंजर बिअरच्या बाटलीतली गोगलगाय आम्ही किती घासायची?" (बाटलीत गोगलगाय निघाली म्हणून पिणाऱ्या बाईनं उत्पादकावर केलेला, निष्काळजीपणाच्या कायद्यातला पायाभूत खटला.) मी "पाया पक्का होतो" म्हणून वेळ मारून नेते. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही.

मी बारावीत असताना आई गेली. बाबांच्या स्कूटरवर मागे बसली होती, ट्रकनं उडवलं. दाव्यात अर्जदार मी आणि धाकटी बहीण, आमच्या वतीनं मामा. जाबदारांत ट्रकमालक, त्याची विमा कंपनी आणि बाबा. हो, बाबाही. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "वळताना मागे पाहिलंत?" बाबा कठडा धरून उभे होते. कोर्टातला पंखा तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाले, "नाही पाहिलं."

"मग भरपाई निम्मी करावी," वकील म्हणाले. आमचे वकील उठले. "हँडल बाईंच्या हातात नव्हतं." जखमीचा स्वतःचा दोष असेल तर रक्कम कापतात. आई तर मागे बसलेली. दोष दोन चालकांचा, आणि अशा वेळी पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाकडूनही मागता येते. (सर्वोच्च न्यायालयानं 2015 च्या खेन्येई निकालात हे नीट मांडलंय.) ट्रकच्या विमा कंपनीनं सगळी रक्कम भरली. निकालात मात्र बाबांच्या नावापुढे 30 टक्के दोष लिहिला गेला.

त्या वकिलांचा राग मला कायद्याच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पुरला. मग एका रात्री मीच फाइल काढली. पंचनामा, नकाशा, जबाब. आणि निष्काळजीपणाचे नेहमीचे तीन प्रश्न: काळजी घेण्याचं कर्तव्य होतं का, मोडलं का, त्यामुळेच इजा झाली का. आपल्या वागण्यानं ज्याला इजा होईल हे दिसायला हवं, तो आपला शेजारी, असं त्या गोगलगाईच्या खटल्यात न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांनी 1932 साली म्हटलं. बाबांची सर्वांत जवळची शेजारी त्यांच्या पाठीला टेकून बसली होती. माझाही आकडा तिशीच्या आसपासच आला.

बारावीतली मी अजून भांडते. बापाला दोषी ठरवायलाच शिकलीस ना? मी सांगते, त्याच विचारानं आईच्या नावावर शून्य ठेवलं. तिला ते पटत नाही, आणि तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

बाबांनी एकदाच विचारलं, "तू तपासलंस. किती?"

"तीस," मी म्हणाले. दुसरं काही म्हणायला हवं होतं का, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.